किडनीचा डॉक्टर म्हणजे डायलिसिसच का? नागपूरच्या ओपीडीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात किडनी विकारतज्ज्ञ (नेफ्रॉलॉजिस्ट) म्हणून काम करतो. आमच्याकडे येणारा माणूस नुसत्या शहरातला नसतो. भंडारा, गोंदिया, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, शिवाय छिंदवाडा आणि बालाघाटकडूनही लोक पहाटेची गाडी पकडून येतात. इतक्या लांबून आलेल्या माणसाला ओपीडीत प्रत्येक प्रश्नाचं सविस्तर उत्तर मिळतंच असं नाही, म्हणून ही उत्तरं लिहून ठेवली आहेत.

फॅमिली डॉक्टरांनी तुमच्याकडे पाठवलं. म्हणजे आता डायलिसिस लागते काय?

हा पहिला प्रश्न. बरेचदा रुग्ण गप्प बसलेला असतो आणि सोबत आलेला मुलगा दबक्या आवाजात विचारतो. उत्तर: बहुतेकांना नाही.

ओपीडीत येणाऱ्यांपैकी मोठा वर्ग मधुमेह आणि ब्लडप्रेशरवाल्यांचा असतो. त्यांची किडनी काही प्रमाणात खराब झालेली असते, पण चालू असते. उरलेली किडनी जास्तीत जास्त वर्षं टिकवणं हे आमचं मुख्य काम. त्यासाठी आज चांगली औषधं आहेत. टेल्मिसार्टन, रामिप्रिल या गोळ्या जुन्याच, प्रेशरही उतरवतात आणि लघवीतून जाणारं प्रोटीनही कमी करतात. अलीकडच्या काळात डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन आल्या. त्या मूळच्या साखरेच्या गोळ्या, पण किडनीची घसरण मंदावतात हे मोठ्या चाचण्यांत दिसलं आणि आता साखर नसलेल्या अनेक किडनीरुग्णांनाही देतात. या औषधांचा फायदा किडनी तीस-चाळीस टक्क्यांवर असताना होतो. सात टक्क्यांवर आलेल्या माणसाला त्यांच्यापासून फारसं काही मिळत नाही. ‘डायलिसिसवाला डॉक्टर’ म्हणून लोक आम्हाला शेवटपर्यंत टाळतात आणि त्यामुळेच डायलिसिसच्या दारात उभे असताना आमची पहिली भेट होते.

मुतखडा झाला आहे. तुम्हीच काढता का?

खडा काढणं, प्रोस्टेट, लघवीच्या मार्गातला अडथळा, किडनीची गाठ, म्हणजे जिथे दुर्बीण किंवा चाकू लागतो ते सगळं युरॉलॉजिस्टचं काम. ते सर्जन असतात. नेफ्रॉलॉजिस्ट हा फिजिशियन. किडनीच्या चाळणीला सूज, लघवीतून प्रोटीन किंवा रक्त जाणं, वाढलेलं क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायची रक्तातली घाण), रक्तातलं पोटॅशियम बिघडणं, न आटोपणारं ब्लडप्रेशर, डायलिसिस आणि प्रत्यारोपणाआधीची व नंतरची औषधं आमच्याकडे. खडा पुन्हा पुन्हा होत असेल तर तो का होतो हे शोधायला मात्र आमच्याकडे यावं. आणि हो, बीअरने खडा पडतो ही समजूत बीअर पिणाऱ्यांनीच पसरवलेली दिसते.

नेफ्रॉलॉजिस्ट व्हायला किती शिकावं लागतं?

एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग मेडिसिन किंवा बालरोगात तीन वर्षांची एम.डी., त्यावर नेफ्रॉलॉजीत तीन वर्षांची डी.एम. किंवा डीआरएनबी. पाटीवर यांपैकी पदवी आहे का ते पाहा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारायलाही संकोच नको. कोणताही खरा डॉक्टर त्याने दुखावत नाही.

मला तर काहीच त्रास नाही, लघवीही भरपूर होते. मग किडनी खराब कशी?

किडनीची ही खोड फार वाईट आहे. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जेमतेम दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर टाकतात. प्रत्येकीत साधारण दहा लाख गाळण्या. निम्म्या गेल्या तरी उरलेल्या जास्त काम करून घर चालवतात आणि मालकाला पत्ता लागू देत नाहीत. लघवी भरपूर होणं म्हणजे किडनी चांगली, हे खरं नाही. पाणी बाहेर पडतं, घाण आतच राहते, असं कित्येक महिने चालू शकतं. पायावर सूज, भूक मरणं, सकाळची मळमळ, अंगाला खाज, दम लागणं ही लक्षणं बहुधा उशिरा येतात. रात्री लघवीला वारंवार उठावं लागणं आणि लघवीला न विरणारा फेस ही मात्र तुलनेने लवकरची खूण असू शकते. मधुमेह्यांनी ती थट्टेवारी नेऊ नये.

म्हणून तपासणी लक्षणांवर सोडायची नाही. टाइप २ मधुमेह निदान झाला त्याच वर्षापासून दरवर्षी दोन चाचण्या कराव्यात: रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. दुसरी चाचणी बहुतेकांनी केलेलीच नसते. तिचा आकडा ३० च्या खाली असावा. ३०० च्या वर गेला तर आमच्याकडे या, क्रिएटिनिन नॉर्मल असलं तरी.

क्रिएटिनिन १.४ आहे. लॅबवाला म्हणाला थोडंसंच वाढलं आहे.

कोणाचं १.४, ते महत्त्वाचं. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. व्यायाम करणाऱ्या तिशीतल्या तरुणाचं १.४ असेल तर किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, साधारण ७० येते. सत्तर वर्षांच्या आजीचं तेच १.४ असेल तर ती ४० च्या आसपास. आकडा एकच, पण आजीला आजार आहे आणि नातवाला बहुधा नाही. त्यामुळे रिपोर्टमध्ये ईजीएफआर छापलेला नसेल तर डॉक्टरांकडून काढून घ्या.

ईजीएफआर ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त काळ राहिला तर त्याला जुनाट किडनीविकार म्हणतात. ३० च्या खाली गेला की नेफ्रॉलॉजिस्ट हवाच. १५ च्या खाली शेवटचा टप्पा, पण तिथेही आकडा पाहून डायलिसिस लावत नाहीत. माणूस कसा आहे, जेवतो का, अंगात पाणी साठतंय का, पोटॅशियम किती, हे पाहून ठरतं. दहावर असूनही कामावर जाणारे लोक आहेत.

एक जाता जाता. टेल्मिसार्टनसारखी गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वर जातं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ अपेक्षित असते. ती पाहून घाबरून गोळी बंद करणारे फार, आणि त्यांना तसा सल्ला देणारे शेजारीही फार.

पाणी जास्त प्यायचं की कमी?

नागपूरच्या मे महिन्यात याचं एकच उत्तर देता येत नाही.

किडनी धडधाकट असेल आणि पारा ४५ वर असेल, तर लघवी फिकट पिवळी राहील इतकं पाणी प्या. उन्हात काम असेल तर मग तहानेची वाट पाहू नका. ज्यांना खडे होतात त्यांनी दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यावं. पण ‘किडनी साफ होते’ म्हणून घरात बसून सहा-सहा लिटर पाणी पिण्याचा काही फायदा नाही.

किडनी बरीच खालावली असेल, पायावर सूज असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर पाणी मोजून. डायलिसिसवाल्यांसाठी ढोबळ हिशेब असा: दिवसभरात जितकी लघवी होते, त्यात अर्धा लिटर मिळवा. त्यात चहा, ताक, वरणाचं पाणी, सगळं आलं. उन्हाळ्यात हे पाळणं किती कठीण आहे ते मला रोज दिसतं. दोन युक्त्या चालतात. छोट्या कपाने प्यायचं आणि बर्फाचा खडा चघळायचा. पण खरी तहान मीठ लावतं. मीठ कमी केलं की पाण्याचं भांडण निम्मं मिटतं.

आणखी एक उन्हाळी गोष्ट. उलट्या, जुलाब किंवा उष्माघातासारखी अवस्था असताना प्रेशरच्या काही गोळ्या, लघवीच्या गोळ्या, डॅपाग्लिफ्लोझिन आणि मेटफॉर्मिन चालू राहिल्या तर किडनीला झटका बसू शकतो किंवा रक्तात आम्ल वाढू शकतं. अशा वेळी त्या एक-दोन दिवस थांबवायच्या असतात. कोणत्या थांबवायच्या हे आजारी पडण्याआधीच आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, आणि बरं वाटलं की पुन्हा सुरू करा. दुसरा भाग लोक विसरतात.

विदर्भात किडनीचे काही वेगळे आजार दिसतात का?

आजार जगभर तेच, प्रमाण आणि कारणं बदलतात. इथल्या नेफ्रॉलॉजिस्टचं वर्ष ऋतूंप्रमाणे चालतं.

एप्रिल-मेमध्ये ऊन. बांधकामावरचे मजूर, शेतातली माणसं, विटाभट्टीवरचे लोक. अंगातलं पाणी संपतं, प्रेशर पडतं, स्नायू तुटून त्यातला रंगद्रव्याचा भाग किडनीत अडकतो. लघवी कोकाकोलासारखी होते. वेळेत सलाइन मिळालं तर किडनी बहुधा सुधारते.

पावसाळा आला की साप. घोणस आणि फुरसं यांचं विष रक्तावर परिणाम करतं, आणि घोणसीच्या दंशानंतर किडनी बंद पडणं आम्हाला चांगलंच परिचयाचं आहे. मांत्रिकाकडे गेलेला एक तास इथे सगळ्यात महाग पडतो. सर्पविषावरचं इंजेक्शन जितकं लवकर तितकं चांगलं. दंशानंतर लघवी कमी झाली किंवा लाल झाली तर ते लगेच डॉक्टरांना सांगा. त्याच दिवसांत मलेरिया, लेप्टो आणि स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर परिसरात स्क्रब टायफसने बरीच धावपळ झाली होती. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने तो होतो. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली दिसते. ती शोधली तर निदान निम्मं झालं, आणि डॉक्सिसायक्लिनसारखं स्वस्त औषध लागू पडतं. ताप घेऊन आलेल्या रुग्णाला पूर्ण कपडे काढून तपासायचं ते यासाठी.

तिसरी गोष्ट बारमाही: सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. आपल्या भागात तो बराच आहे. लोकांना वेदनेचे झटके माहीत असतात, पण हा आजार किडनीलाही पोखरतो हे कमी माहीत असतं. लघवी घट्ट करण्याची किडनीची ताकद लहानपणीच कमी होते. म्हणून ही मुलं उन्हाळ्यात लवकर सुकतात आणि काही मोठ्या वयापर्यंत अंथरूण ओलं करतात. त्यांना रागावू नका. पुढे लघवीतून रक्त किंवा प्रोटीन जाऊ लागतं. सिकलसेलच्या प्रत्येक रुग्णाची लघवी वर्षातून एकदा तपासली जावी, आणि दुखण्यावरच्या गोळ्या विचारून घ्याव्यात.

गुडघे दुखतात. मेडिकलवाल्याची गोळी घेतली तर चालेल?

डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. धडधाकट माणसाने दोन दिवस घेतल्या तर सहसा काही होत नाही. ज्याची किडनी आधीच कमी आहे, किंवा जो प्रेशरची आणि लघवीची गोळी घेतो, त्याला त्या भोवतात. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत तुलनेने सुरक्षित. ‘किडनी पूर्ण बरी’ अशी हमी देणारी बिननावाची पुडी घेऊ नका. काही भस्मांत शिसं आणि पारा सापडले आहेत. माझं भांडण आयुर्वेदाशी नाही, आत काय आहे ते न लिहिणाऱ्या पुडीशी आहे.

सी.टी. स्कॅन किंवा अँजिओग्राफी ठरली असेल तर आपलं क्रिएटिनिन किती आहे ते तिथे आधी सांगा.

सावजी बंद का? आणि संत्री?

सावजीतला मसाला किडनीचा शत्रू नाही. शत्रू आहे मीठ, आणि पथ्य सुरू असेल तर मटणाचं प्रमाण. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट एक चमचा. सकाळच्या तर्री-पोह्यांवर शेव, जेवणात लोणचं, पापड, ठेचा, संध्याकाळी नमकीन, असं झालं की तो चमचा दुपारीच संपतो. ‘लो सोडियम’ मीठ मात्र आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि खराब किडनीला ते जास्त धोक्याचं.

संत्र्यांचं तसंच. नागपूरच्या माणसाला संत्री खाऊ नका म्हणणं जिवावर येतं, आणि सगळ्यांना म्हणायची गरजही नाही. ज्यांचं पोटॅशियम वाढतं त्यांच्यासाठी संत्री, मोसंबी, केळी, शहाळ्याचं पाणी, आमरस हे मोजके किंवा बंद. पोटॅशियम नॉर्मल असेल तर एखादं संत्रं खा, रस मात्र नको, एका पेल्यात चार-पाच संत्री जातात. सफरचंद, पपई, पेरू थोड्या प्रमाणात चालतात. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकलं की पोटॅशियम बरंच उतरतं. कमरख (स्टारफ्रूट) मात्र किडनीच्या रुग्णाने अजिबात खाऊ नये. त्यातलं विष मेंदूवर जातं.

डाळ-दूध-अंडी एकदम बंद करून हाडं निघालेले रुग्णही येतात. प्रोटीन किती घ्यायचं ते वजन आणि टप्पा पाहून ठरतं आणि डायलिसिस सुरू झाल्यावर तर ते वाढवावं लागतं. शेजारच्या रुग्णाचा तक्ता आपल्याला लावू नका.

बायोप्सी म्हणजे कॅन्सरची शंका आहे का?

नाही. किडनीच्या चाळणीला कोणत्या प्रकारची सूज आहे ते पाहायला सुईने बारीक तुकडा घेतात. जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत. रुग्ण शुद्धीवर असतो. एक दिवस पडून राहावं लागतं, लघवी क्वचित लाल होते. ल्युपस, आयजीए असे आजार त्याशिवाय नक्की कळत नाहीत आणि त्यांची औषधं जोरकस असतात, अंदाजाने देता येत नाहीत. लहान मुलांत सकाळी डोळे-चेहरा सुजून लघवीला फेस येत असेल तर तो बहुधा नेफ्रॉटिक सिंड्रोम. बहुतेक मुलं स्टेरॉइडने बरी होतात, त्यांना सुरुवातीलाच बायोप्सी लागत नाही.

एकदा डायलिसिस लावलं की ते कायमचंच ना?

ज्याची किडनी वर्षानुवर्षं झिजून संपली, त्याला हो, प्रत्यारोपण होईपर्यंत. साप, ऊन, ताप, जुलाब, बाळंतपणातला रक्तस्राव यांनी अचानक बंद पडलेल्या किडनीला नाही. तिथे डायलिसिस काही दिवस किंवा आठवड्यांपुरतं असतं आणि किडनी बरेचदा परत चालू होते. ‘सवय लागेल’ या भीतीने नकार देऊन या दुसऱ्या प्रकारचे रुग्ण दगावतात, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

कायमचं असेल तर आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास. दोन वेळांवर भागवणारे इथे खूप आहेत, पैशामुळे आणि अंतरामुळे. तरी सलग मोठी सुट्टी पडू देऊ नका. दोन डायलिसिसमधलं लांबचं अंतर धोक्याचं असतं, आणि नेमकी लग्नं त्याच वेळी निघतात.

हातावर फिस्टुला इतक्या आधी का करायला सांगता?

फिस्टुला म्हणजे डायलिसिससाठी मनगटाजवळ किंवा कोपराजवळ धमनी आणि शीर जोडतात ती जागा. ती शीर फुगून सुया टोचण्याजोगी व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. आधी केलं नाही तर मानेत नळी घालावी लागते आणि जंतुसंसर्ग होतो तो त्या नळीतून. म्हणून ईजीएफआर २० कडे उतरू लागला की डाव्या हाताची (डावरे असाल तर उजव्या) शीर जपा. सलाइन, रक्ताचा नमुना, सगळं दुसऱ्या हाताने. फिस्टुला झाल्यावर त्या हाताचं प्रेशरही मोजू द्यायचं नाही, समोर कितीही घाईतली नर्स असली तरी. कावीळ बी ची लसही याच काळात घ्यायची.

घरी डायलिसिस होतं का?

होतं. पोटात एक मऊ नळी बसवतात आणि दिवसातून तीन-चार वेळा पिशवीतलं दोन लिटर द्रव आत सोडून, काही तासांनी काढून घेतात. गडचिरोली किंवा मेळघाटातल्या माणसाला आठवड्यातून तीनदा शहरात येण्यापेक्षा ते सोयीचं. स्वच्छ कोरडी खोली आणि हात धुण्याची शिस्त हवी. आपल्याकडे ते अजून फार कमी वापरलं जातं, आणि मला त्याचं कारण पटत नाही.

किडनी कोण देऊ शकतं?

आई-वडील, मुलं, भाऊ-बहीण, नवरा-बायको, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडं हे कायद्याने जवळचे नातेवाईक. इतर कोणी प्रेमापोटी द्यायची म्हटली तर प्राधिकार समितीची परवानगी लागते. किडनीची खरेदी-विक्री गुन्हा आहे, शिक्षा पाच ते दहा वर्षं कैद आणि किमान २० लाख दंड. एजंट भेटला तर आम्हाला सांगू नका, पोलिसांना सांगा.

रक्तगट जुळत नसला तरी मार्ग आहेत. दोन कुटुंबांनी एकमेकांच्या रुग्णाला किडनी देणं कायदेशीर आहे. दात्याची तपासणी रुग्णापेक्षा कडक असते, आणि राहिलेली एक किडनी थोडी मोठी होऊन काम वाढवते. दाता नेहमीचं आयुष्य जगतो, फक्त दरवर्षी प्रेशर आणि लघवी तपासायची. या खुर्चीतून दिसतं ते असं की द्यायला पुढे येतात आया आणि बायका. नवरे आणि भाऊही देऊ शकतात, एवढं सांगून ठेवतो.

घरात दाता नसेल तर मेंदूमृत व्यक्तीची किडनी. त्यासाठी रुग्णालयामार्फत नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या, म्हणजे झेडटीसीसीच्या यादीत नाव नोंदवावं लागतं. मेंदूमृत्यू चार डॉक्टरांचं मंडळ ठरवतं, तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा होतात. नाव नोंदवून घरी बसायचं नाही. फोन कधीही येऊ शकतो, तेव्हा मोबाइल चालू आणि तब्येत तयार हवी.

नवी किडनी पोटाच्या खालच्या बाजूला बसवतात, जुन्या बहुधा तिथेच राहतात. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट यांसारख्या गोळ्या किडनी चालते तोवर रोज, ठरलेल्या वेळी. बरं वाटतंय म्हणून गोळ्या कमी केल्या की शरीर ती किडनी नाकारतं.

खर्च झेपत नाही. काय करावं?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आणि प्रत्यारोपण दोन्ही येतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. मध्य प्रदेशातल्या रुग्णांनी आयुष्मान कार्ड आणावं. नागपुरात ‘मेडिकल’चं, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं, सुपर स्पेशालिटी रुग्णालय आणि मिहानमधलं एम्स ही सरकारी ठिकाणं आहेत. २०१६ च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्ह्याच्या ठिकाणीही मशीन आली. निदान नागपुरात करून डायलिसिस गावाजवळ, हे बहुतेकांना परवडतं.

सोनोग्राफीत सिस्ट निघाली. किडनी एकच आहे. लग्न होईल का?

साधी एक-दोन सिस्ट वयानुसार येते, विसरून जा. दोन्ही किडन्या गाठींनी भरल्या असतील आणि घरात कोणाला डायलिसिस लागलं असेल तर तो आनुवंशिक आजार, तपासणी करा. जन्मतः एकच किडनी असलेले लोक पूर्ण आयुष्य जगतात. लग्न होईल. लपवू मात्र नका.

पहिल्या भेटीला काय आणू? रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवले तर चालेल?

जुने क्रिएटिनिनचे सगळे रिपोर्ट तारखांसह आणा, पाच वर्षांपूर्वीचेही. किडनी कोणत्या वेगाने उतरते आहे हे आजच्या एका आकड्यावरून कळत नाही. औषधांच्या पट्ट्या पिशवीसकट आणा, ‘ती पांढरी गोळी’ असं सांगून भागत नाही. सकाळची लघवी तपासायला देता येईल अशा वेळी या. उपाशी राहायचं की नाही ते आधी फोन करून विचारा, मधुमेह्यांनी तर नक्कीच. व्हॉट्सॲपवर जुना, ओळखीचा रुग्ण रिपोर्ट पाठवू शकतो. नव्या रुग्णाला मात्र पायाची सूज दाबून आणि छाती ऐकून पाहावी लागते. छातीत दडपण, बसूनही दम, लघवी पूर्ण बंद किंवा डायलिसिस चुकलेल्या माणसाचे हातपाय अचानक लुळे पडणे, यांपैकी काही असेल तर मेसेज टाइप करत बसू नका, जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा आणि तिथे आधी पोटॅशियम आणि ईसीजी बघायला सांगा.